अग्रक्रमी लिंक्ड लिस्ट

अग्रक्रमी लिंक्ड लिस्ट म्हणजे जिच्यातील प्रत्येक नोडला (पुढच्या घटकाचा पत्ता बाळगणाऱ्या घटकाला) अग्रक्रमाचा अंक असतो आणि नवा नोड शेवटी न जोडता त्या अंकानुसार योग्य जागी घातला जातो अशी यादी. ती सदैव क्रमानेच लागलेली असल्यामुळे सर्वांत निकडीचे काम शोधावे लागत नाही, ते पहिल्या नोडवरच मिळते. ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये (तिच्या गाभ्यात) आणि छोट्या कंट्रोलरांवरील प्रणालींमध्ये, एखाद्या लॉकसाठी (एका वेळी एकालाच वापर करू देणाऱ्या कुलपासाठी) थांबलेल्या टास्कची, म्हणजे चालू कामांची, रांग ठेवण्याकरिता ती वापरली जाते.

बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या (स्थापना १९९८) संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची, आणि त्यांत खानापूर, निपाणी भागातील मराठी शाळांतून आलेल्या मुलांचीही, साध्या लिंक्ड लिस्टशी ओळख डेटा स्ट्रक्चर्सच्या विषयात होते. तेथे प्रत्येक नोडसाठी मॅलॉक या सी भाषेतील फंक्शनने वेगळी मेमरी मागितली जाते. कर्नलमध्ये मात्र नोड हा टास्कच्या किंवा प्रतीक्षेच्या स्ट्रक्चरमध्येच एक घटक म्हणून बसवलेला असतो, त्यामुळे यादीत शिरताना मेमरी मागावी लागत नाही आणि ती न मिळाल्याने काम अडण्याचा प्रश्नच उरत नाही. प्रयोगशाळेतून प्रत्यक्ष प्रणालीकडे वळणाऱ्याने सर्वांत आधी अंगवळणी पाडावा असा हा फरक आहे.

घालण्याची क्रिया वरवर सोपी आहे. लहान अंक म्हणजे वरचा अग्रक्रम असे मानून यादीत १०, २०, २० आणि ५० हे नोड आहेत आणि आणखी एक २० घालायचा आहे असे समजू. समोरच्या नोडचा अंक नव्या अंकापेक्षा लहान किंवा त्याच्याइतका असेल तोवर पुढे सरकायचे. चाल ५० पाशी थांबते आणि नवा नोड त्याच्या आधी, म्हणजे जुन्या दोन्ही २० च्या मागे बसतो. तुलनेतील ‘त्याच्याइतका’ एवढाच भाग गळला, तर नवा नोड १० च्या लगेच मागे बसतो आणि समान अग्रक्रमाचे नवे नोड येत राहिल्यास आधीपासून थांबलेल्यांची पाळी येतच नाही. असा दोष कमी भाराच्या चाचणीत सहसा दिसत नाही, म्हणून समान अंकांची चाचणी स्वतंत्रपणे घेतलीच पाहिजे. सरकताना नोडचा पॉइंटर (मेमरीतील पत्ता ठेवणारे चल) न धरता ‘पुढचा’ या पॉइंटरचा पत्ता धरला, तर रिकामी यादी किंवा अगदी पहिली जागा यांसाठी वेगळी अट लिहावी लागत नाही. लिनक्समधील नोटिफायर साखळीत (एखादी घटना घडल्यावर बोलवायच्या फंक्शनांच्या यादीत) नोंदणी याच पद्धतीने होते.

फ्रीआरटीओएस या छोट्या कंट्रोलरांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये मोठा अंक वरचा असतो, पण त्याची यादी चढत्या क्रमाने लागते. म्हणून प्रतीक्षेच्या यादीत टास्कचा अग्रक्रम कमाल स्तरसंख्येतून वजा करून साठवला जातो. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक पंप व व्हॉल्व तयार करणारे कारखाने आहेत. तेथील चाचणी-यंत्राच्या कंट्रोलरवर आपत्कालीन थांबा, दाब-मापन आणि पडद्यावरील आकडे असे तीन टास्क एकाच लॉकसाठी थांबले असतील, तर लॉक सुटताच थांब्याच्या टास्कला प्रथम जागे करणे हे या यादीचे काम होय.

थांबलेल्या टास्कचा अग्रक्रम मध्येच बदलला तर नोडमधील अंक जागच्या जागी बदलून चालत नाही. नोड आधी काढावा, अंक बदलावा आणि मगच पुन्हा घालावा. हे सर्व, यादीचे रक्षण करणारे लॉक धरूनच व्हावे लागते.

लिनक्समधील पीलिस्ट ही या रचनेची सर्वांत विचारपूर्वक केलेली मांडणी आहे. २००६ मध्ये आवृत्ती २.६.१८ बरोबर ती मुख्य कर्नलमध्ये आली. तिच्यात दोन साखळ्या असतात: एकीत सगळे नोड क्रमाने असतात, तर दुसरीत प्रत्येक अग्रक्रमाचा फक्त पहिला नोड असतो. घालताना दुसऱ्या साखळीवरून उड्या घेत जाता येते, म्हणून लागणारा वेळ नोडांच्या संख्येवर नव्हे, तर वेगवेगळ्या अग्रक्रमांच्या संख्येवर ठरतो. काढण्याचा वेळ स्थिर असतो. काढलेला नोड आपल्या अग्रक्रमातला पहिला असेल तर त्याच अग्रक्रमाचा पुढचा नोड दुसऱ्या साखळीत त्याची जागा घेतो. फ्युटेक्सच्या (प्रोग्रामांना लॉक बांधण्यासाठी लिनक्सने दिलेल्या सोयीच्या) रांगेत रिअल-टाइम, म्हणजे वेळेचे काटेकोर बंधन असलेल्या, वर्गात नसलेल्या सर्व थ्रेडना १०० हा एकच अंक दिला जातो, त्यामुळे ते आपसात आले त्या क्रमाने उभे राहतात.

जेथे जवळजवळ प्रत्येक नोडचा अंक वेगळा असतो तेथे हा लाभ संपतो. डेडलाइन शेड्यूलिंगमध्ये (ज्याची मुदत आधी संपते त्याला आधी चालवण्याच्या पद्धतीत) तसेच घडते, कारण तेथे क्रम मोजक्या स्तरांवर नव्हे, तर मुदतीच्या वेळेवर लागतो. त्यामुळे २०१४ मधील ३.१४ या आवृत्तीत आरटी-म्युटेक्स या कर्नलमधील रिअल-टाइम लॉकच्या प्रतीक्षेसाठी पीलिस्टऐवजी रेड-ब्लॅक ट्री (स्वतःचा तोल राखणारी वृक्षरचना) घेण्यात आला. फ्युटेक्सच्या रांगेत मात्र पीलिस्टच राहिली.