ऑक्सिजन कमी पडला, हे पेशीला कळतं कसं?

१८९० साली फ्रांस्वा व्हिओ हे फ्रेंच डॉक्टर पेरूतल्या मोरोकोचा या खाणगावी गेले. उंची सुमारे साडेचार हजार मीटर. तीन आठवड्यांत त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी घनमिलिमीटरमागे ५० लाखांवरून ७० लाखांपुढे गेल्या. विरळ हवेत शरीर लाल पेशी वाढवतं हे दिसलं. हुकूम कोण सोडतं, हे उमगायला पुढचं शतक लागलं.

हुकूम पोहोचवणारं संप्रेरक आधी सापडलं: मूत्रपिंडात तयार होणारं एरिथ्रोपोएटिन. पण ते इतकं अत्यल्प, की शिकागोच्या यूजीन गोल्डवासर यांची वीसेक वर्षं ते वेगळं काढण्यातच गेली. ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या, म्हणजे हाडांतल्या मगजात रक्तपेशी पुरेशा बनत नाहीत अशा आजाराच्या, रुग्णांच्या लघवीत ते जास्त उतरतं. जपानच्या ताकाजी मियाके यांनी अशी २,५५० लिटर लघवी जमवली, आटवली आणि १९७५ मध्ये ती भुकटी रेशमी कापडात बांधून शिकागोच्या एका हॉटेलात गोल्डवासर यांच्या हाती ठेवली. त्यातून शुद्ध संप्रेरक निघालं ते जेमतेम काही मिलिग्रॅम. पुढचा सगळा डोलारा या गाठोड्यावर उभा आहे. १९८५ मध्ये एरिथ्रोपोएटिनचं जनुक हाती आलं.

आता प्रश्न असा, की ऑक्सिजन घटला की हे जनुक चालू कोण करतं? बाल्टिमोरच्या ग्रेग सेमेंझा यांना जनुकालगतच्या डीएनएवर येऊन बसणारं प्रथिन सापडलं, ते 'हिफ'. ऑक्सफर्डचे पीटर रॅटक्लिफ मूत्रपिंडाचे डॉक्टर. पण ही यंत्रणा मूत्रपिंडाबाहेरच्या पेशींतही आहे, हे त्यांनीच दाखवलं.

खरी गंमत पुढे आहे. पेशी हिफ सतत बनवते आणि सतत मोडते. ऑक्सिजन पुरेसा असेल तर त्यातलं निम्मं पाच मिनिटांतच संपतं. ते मोडतं कोण, याचा धागा भलतीकडेच, कर्करोगात मिळाला. व्हॉन हिपेल-लिंडाऊ या आनुवंशिक आजारातल्या गाठींच्या पेशी ऑक्सिजन असूनही गुदमरल्यासारख्या वागतात, हे बॉस्टनचे विल्यम केलिन यांच्या लक्षात आलं. या आजारात बिघडणारं व्हीएचएल प्रथिनच एरवी हिफला मोडीत काढतं, हे १९९९ मध्ये रॅटक्लिफ यांच्या गटाने सिद्ध केलं. व्हीएचएल हिफला ओळखतं कसं, ते २००१ मध्ये केलिन आणि रॅटक्लिफ दोघांनीही दाखवलं: एक एन्झाइम ऑक्सिजन वापरून हिफवर रासायनिक खूण करतं. ऑक्सिजन नाही तर खूण नाही. मग हिफ साठतं आणि एरिथ्रोपोएटिनच्या जनुकासकट शेकडो जनुकं जागी होतात.

तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातल्या ॲनिमियासाठी भारतात २०२२ मध्ये मंजूर झालेली डेसिडुस्टॅट ही गोळी खूण करणाऱ्या त्या एन्झाइमलाच अडवते. रुग्ण घरीच असतो, पेशींना मात्र मोरोकोचाला आल्यासारखं वाटतं.