सोसाट्याचा आकडा आणि हबची उंची

मे महिन्यात वळवाचे ढग जमले की ठाण्यात फोनवर निरोप येतो: सोसाट्याचा वारा, ताशी 50 ते 60 किलोमीटर. हा आकडा जमिनीपासून 10 मीटरवरचा. घोडबंदर रोडवरचा तिसावा मजला 90-100 मीटरवर असतो, म्हणजे आजच्या पवनचक्कीच्या हबएवढ्या (पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागाएवढ्या) उंचीवर.

10 मीटरची उंची वेधशाळांच्या सोयीने ठरली. 1986 मध्ये रत्नागिरी, ओखा, तुतिकोरीनला 55 किलोवॉटची यंत्रं उभी राहिली, तेव्हा ही उंची फारशी खटकली नाही. यंत्रंच बुटकी होती. पुढे साताऱ्याकडे चाळकेवाडी, वनकुसवडेचं पठार पात्यांनी भरलं आणि यंत्रं उंच होत गेली. देशाची पवनक्षमता 100 मीटरला 302 गिगावॉट आणि 150 मीटरला 1,164 गिगावॉट मांडली जाते. सरासरी वाऱ्याचा अभ्यास असा वर चढला, झोताचा, म्हणजे काही सेकंदांच्या जोरदार झटक्याचा, मात्र 10 मीटरवरच रेंगाळला. जून 1998 च्या कांडला वादळात पोरबंदरकडच्या पवनचक्क्या मोडल्या, तेव्हा त्याची किंमत कळली.

खरा गुंता इथून पुढे. इमारतींच्या भारतीय मानकात मुंबई परिसरासाठी सेकंदाला 44 मीटर हा मूळ वेग आहे. पवनचक्कीच्या आंतरराष्ट्रीय मानकात यंत्रांचे वर्ग किती वारा सोसायचा त्यावर ठरतात; त्यातल्या दुसऱ्या वर्गाचा संदर्भवेग 42.5. दोन्ही सरासरी 50 वर्षांतून एकदा येणाऱ्या वाऱ्याचे. म्हणून "44 मोठा, दुसरा वर्ग किनाऱ्याला चालणार नाही" असा निकाल बैठकांत बिनदिक्कत दिला जातो. पण 44 हा 3 सेकंदांचा झोत, 10 मीटरवरचा, 42.5 ही 10 मिनिटांची सरासरी, हबवरची. त्या वर्गाचा झोत त्याच्या 1.4 पट, म्हणजे 59.5.

आता 44 ला 100 मीटरवर न्यायचं. उंची जितक्या पट, त्याच्या ठरावीक घाताने वेग वाढतो असं धरतात. सवयीने एक-सप्तमांशाचा घातांक लावला तर 61 येतात आणि यंत्र नापास. पवनचक्कीच्या मानकाने झोतासाठी दिलेला 0.11 लावला तर 56.7 येतात, यंत्र पास. इमारतींच्या मानकातला मोकळ्या जागेचा 1.24 हा गुणक घेतला तर 54.6. एक-सप्तमांश सरासरी वाऱ्यासाठी आहे. उंचीबरोबर खळबळ (वाऱ्याच्या वेगातली चढउतार) कमी होत जाते, त्यामुळे झोत सरासरीइतक्या वेगाने वाढत नाही. एवढं माहीत असूनही जुन्या तक्त्यांतून तो हटत नाही, याचं मला नवल वाटतं.

संगणकी पुनर्विश्लेषणानेही, म्हणजे जुन्या नोंदी हवामान-प्रारूपात घालून मागचा वारा काढण्याच्या रीतीनेही, पेच सुटला नाही. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या युरोपीय माहितीसंचात 100 मीटरवरचा वारा तासातासाला मिळतो, पण झोत 10 मीटरवरचाच. मग 100 मीटरच्या सरासरीला झोतगुणक लावायचा: एक अधिक खळबळीच्या तीव्रतेची साधारण तिप्पट. ही तीव्रता साताऱ्याच्या पठारावर एक, ठाण्याच्या खाडीकाठी दुसरी.

मराठीत तर "सोसाट्याचा वारा" दोन्हींना म्हणतात: काही सेकंदांच्या झोतालाही आणि किमान मिनिटभर टिकणाऱ्या चंडवातालाही. पात्यासाठी हा फरक मोठा आहे. पाती वळवून घ्यायला यंत्राला काही सेकंद लागतात.

वळवाच्या ढगातून हवा खाली आदळते तेव्हा वरचे सगळेच घातांक निकामी होतात. 13 मे 2024 ला घाटकोपरचं होर्डिंग कोसळलं, ते अशाच मेघगर्जनेच्या वादळात. खाली आदळून पसरणाऱ्या हवेचा सर्वाधिक वेग बहुतेकदा जमिनीपासून शंभरेक मीटरपर्यंतच्या पट्ट्यात असतो आणि त्याहून वर तो घटतो.