‘हार्डली’ कठोर होतं तेव्हा

‘ही वर्क्स हार्डली’ असं लिहिलं की वहीत लाल रेघ ठरलेली. ‘हार्ड’चं क्रियाविशेषण ‘हार्ड’च, आणि ‘हार्डली’ म्हणजे ‘जेमतेम’, एवढं मुलं घोकतात. असं का, हे त्यांना फारसं कुणी सांगत नाही. चूक करणाऱ्या मुलाचा तर्क मात्र जुनाच आहे, कारण काही शतकांपूर्वी ‘हार्डली’चा एक अर्थ ‘कठोरपणे’ असाच होता.

जुन्या इंग्रजीत विशेषणापुढे ‘ए’ लावला की क्रियाविशेषण होई. मध्ययुगाच्या उत्तरार्धात हा शेवटचा स्वर बोलण्यातून गळाला आणि विशेषण नि क्रियाविशेषण दोन्ही ‘हार्ड’ होऊन बसले. ‘-ली’चं घराणं वेगळं. त्याच्या मुळाशी ‘लीक’, म्हणजे देह, हा शब्द आहे. चर्चच्या आवाराच्या ज्या दारात प्रेत टेकवत, त्या ‘लिचगेट’मध्ये तो अजून शिल्लक आहे. देहावरून ‘त्या रूपाचा’, मग ‘त्या रीतीने’, असा त्याचा प्रवास झाला.

‘हार्डली’चे जुने अर्थ पाहायचे तर 1611चं किंग जेम्स बायबल उघडावं. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात साराय आपली दासी हागार हिचा जाच करते आणि हागार पळून जाते. तिथे शब्द आहेत ‘डेल्ट हार्डली विथ हर’. आजच्या कानाला हे ‘तिच्याशी जेमतेम वागली’ असं काहीतरी ऐकू येईल! मत्तयच्या एकोणिसाव्या अध्यायात श्रीमंत माणूस स्वर्गाच्या राज्यात ‘हार्डली’ शिरेल, असं येशू म्हणतो. तिथला अर्थ ‘मोठ्या कष्टाने’. आजचा वाचक मात्र ‘शिरणं जवळपास अशक्यच’ असं वाचतो. 1952च्या सुधारित आवृत्तीत सारायचं वागणं ‘हार्शली’ झालं आणि श्रीमंताच्या वाक्यात साधं ‘हार्ड’ आलं.

कष्टाने होणारं काम थोडंच होतं, त्यामुळे ‘कष्टाने’चं ‘जेमतेम’ झालं. मराठीला हे परकं नाही. ‘मुश्किलीने दहा माणसं आली असतील’ म्हणताना त्या दहांना येताना त्रास झाला, असं आपल्याला मुळीच म्हणायचं नसतं. इंग्रजीत हा नवा अर्थ सोळाव्या शतकापासून बळावत गेला आणि ‘कठोरपणे’ला तिथे जागा उरली नाही. ते काम ‘हार्शली’ आणि लॅटिन कुळातल्या ‘सिव्हिअरली’कडे गेलं.

मग व्याकरणकार आले. विशेषण तसंच्या तसं क्रियाविशेषण म्हणून वापरणं अयोग्य, असं रॉबर्ट लोथने 1762च्या आपल्या व्याकरणात लिहिलं आणि उदाहरणं म्हणून शेक्सपिअर, ड्रायडन, स्विफ्ट यांनाच पकडलं. ज्यांची भाषा आदर्श मानायची त्यांच्याच चुका काढायच्या, हा उद्योग मला तरी गमतीचा वाटतो. पण शाळांना असे नियम आवडतात आणि ‘-ली’ लावणं हे शुद्धतेचं लक्षण ठरलं. ‘वर्क हार्ड’ तेवढं त्यातून सुटलं, कारण ‘हार्डली’ केव्हाच हातचं गेलं होतं.

कठोरपणाचे शब्द असे फार काळ कठोर राहत नाहीत. ‘दुखेल असं’ या अर्थाच्या ‘सोर’चा जर्मन भाऊ ‘झेअर’ आज नुसतं ‘खूप’ म्हणतो, आणि आपणही एखादं गाणं ‘भयंकर सुंदर’ म्हणतोच. ‘सिव्हिअरली’ही त्याच वाटेवर आहे. ‘सिव्हिअरली लिमिटेड’मध्ये कुणी कुणाला शिक्षा करत नसतं, फक्त काहीतरी फारच कमी असतं.