एकाच वर्षाचे तीन आकडे का येतात? – एडगर फायलिंग सेवेच्या ग्राहकांसाठी माहिती

‘२०२३ ची विक्री मागितली, एआय एजंटने २०२१ ची दिली’, अशी तक्रार आमच्याकडे वारंवार येते. बहुतेक वेळा सेवा बिघडलेली नसते, एजंटने भलत्याच रकान्यावर गाळणी (फिल्टर) लावलेली असते.

अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन या शेअर बाजार नियामकाकडे कंपन्या आपली विवरणपत्रे, म्हणजे फायलिंग, एडगर यंत्रणेतून दाखल करतात. तिथून येणाऱ्या प्रत्येक टॅग केलेल्या (म्हणजे ‘विक्री’, ‘नफा’ असे ठरावीक नाव लावलेल्या) आकड्यासोबत ‘स्टार्ट’, ‘एंड’, ‘फाइल्ड’, फॉर्मचे नाव, फायलिंगचा अ‍ॅक्सेशन नंबर (त्या फायलिंगचा ओळख क्रमांक) आणि ‘एफवाय’ (आर्थिक वर्ष) असे रकाने असतात. ‘एफवाय’ म्हणजे आकडा ज्या वर्षाचा ते वर्ष, असे कोणालाही वाटेल. पण ते वर्ष आकड्याचे नसते. आकडा ज्या फायलिंगमध्ये छापला गेला, त्या फायलिंगचे ते असते.

अ‍ॅपलचा ३ नोव्हेंबर २०२३ रोजी दाखल झालेला १०-के, म्हणजे वार्षिक अहवाल, घ्या. त्याच्या नफा-तोटा पत्रकात तीन वर्षे शेजारीशेजारी आहेत. ३० सप्टेंबर २०२३ ला संपलेल्या वर्षाची विक्री ३८३.२८५ अब्ज डॉलर, २४ सप्टेंबर २०२२ ला संपलेल्या वर्षाची ३९४.३२८ अब्ज आणि २५ सप्टेंबर २०२१ ला संपलेल्या वर्षाची ३६५.८१७ अब्ज. या तिन्हींवर ‘एफवाय २०२३’ हाच शिक्का असतो. एजंट पहिला सापडेल तो उचलतो, आणि पहिला बहुधा सर्वांत जुना असतो. शिवाय २०२३ चा आकडा पुढच्या वर्षीच्या १०-केमध्ये तुलनेसाठी पुन्हा छापला जातो, तेव्हा त्यावर २०२४ चा शिक्का बसतो.

म्हणून गाळणी ‘एंड’ तारखेवर लावा आणि ‘स्टार्ट’ ते ‘एंड’ किती दिवस भरतात ते तपासा. वर्षासाठी ३५० ते ३८०, तिमाहीसाठी ८० ते १०० दिवस ही मर्यादा पुरते. ५२ किंवा ५३ आठवड्यांचे वर्ष धरणाऱ्या बहुतेक कंपन्याही तीत बसतात. ताळेबंदातल्या आकड्यांना ‘स्टार्ट’ नसतो, तिथे दिवस मोजायला जाऊ नका.

दिवस मोजणे तिमाहीत अधिकच गरजेचे आहे. दुसऱ्या तिमाहीच्या १०-क्यूमध्ये (तिमाही अहवालात) तीन महिन्यांची आणि सहा महिन्यांची अशा दोन्ही विक्री असतात आणि दोघींची ‘एंड’ तारीख एकच असते. चौथ्या तिमाहीचा १०-क्यू तर नसतोच. वर्षाच्या आकड्यातून नऊ महिन्यांचा वजा करून ती काढावी लागते. विक्री आणि नफा असे काढता येतात, प्रतिसमभाग मिळकत मात्र काढू नका, कारण समभागांची सरासरी संख्या प्रत्येक कालावधीत वेगळी असते.

‘मग तुम्हीच एक आकडा निवडून का देत नाही?’ असे विचारले जाते. कारण बरोबर आकडा तुमच्या कामावर ठरतो. कंपनीने मागचे आकडे सुधारले असतील, तर आजच्या विश्लेषणाला सर्वांत अलीकडच्या ‘फाइल्ड’ तारखेचा आकडा लागतो. जुन्या काळातला गुंतवणुकीचा निर्णय तपासायचा असेल, तर त्या दिवशी बाजाराला जो माहीत होता तो, म्हणजे सर्वांत आधीचा. ही निवड आम्ही गुपचूप केली, तर चूक कुठे झाली हे तुम्हाला कधीच कळणार नाही. वार्षिक करारातल्या ग्राहकांना दोन्ही मालिका कालावधीनुसार लावून तयार मिळतात, आणि प्रत्येक आकड्याशेजारी अ‍ॅक्सेशन नंबर असतो.

भारतीय कंपन्यांबाबत एक अडचण हमखास येते. मुंबईच्या एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक किंवा बंगळुरूची इन्फोसिस अमेरिकेत १०-के भरत नाहीत, परदेशी कंपन्यांसाठीचा वार्षिक अहवाल २०-एफ भरतात. त्यांचा १०-क्यू शोधत बसू नका, तिमाही निकाल ६-के या परदेशी कंपन्यांच्या अधूनमधूनच्या फॉर्मच्या जोडपत्रांत मजकूर म्हणून वाचावे लागतात. इन्फोसिसचे आकडे आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय लेखामानकांच्या टॅगखाली आहेत, त्यामुळे यूएस-गॅप या अमेरिकी लेखामानकांचा टॅग दिला की उत्तर रिकामे येते. इथे खरा धोका आहे. रिकाम्या उत्तरावर एजंट आपल्या आठवणीतला आकडा ठोकून देतो. त्याच्या सूचनेत स्पष्ट लिहा: उत्तर रिकामे आले तर ‘सापडले नाही’ एवढेच सांग.

सेवा बसवताना आम्ही तुमचा ईमेल मागतो, त्यावरही नाराजी असते. स्वयंचलित विनंती कोण करत आहे हे विनंतीसोबत जाणाऱ्या ‘यूझर-एजंट’ या ओळखीच्या ओळीत सांगावे, अशी कमिशनची अट आहे. ते नसेल तर ४०३, म्हणजे प्रवेश नाकारल्याचा संदेश, येतो. मर्यादा सेकंदाला १० विनंत्यांची आहे. सेवा तुमच्याच सर्व्हरवर चालते आणि त्या मर्यादेच्या आत राहते, पण त्याच सर्व्हरवरून तुमची दुसरी स्क्रिप्टही एडगरवर धडकत असेल, तर दोघींची मिळून मोजणी होते आणि दोघी अडतात.

एडगरवरचा माल सर्वांना फुकट आहे, हे आम्ही कधी लपवत नाही. आमचे पैसे तो रांगेत आणण्याचे, साठवण्याचे आणि वर सांगितलेल्या खाचाखोचा सांभाळण्याचे आहेत. एकदोन कंपन्यांपुरते काम असेल, तर थेट एडगरवरून घ्या, सेवा विकत घेण्याची गरज नाही.

आकडा चुकला असे वाटले, तर कंपनीचा दहा अंकी सीआयके (एडगरवरचा कंपनीचा क्रमांक, सुरुवातीच्या शून्यांसकट), टॅगचे नाव, अ‍ॅक्सेशन नंबर आणि ‘एंड’ तारीख कळवा. नुसता एजंटच्या उत्तराचा स्क्रीनशॉट आला, तर हेच चार तपशील आम्हाला उलट विचारावे लागतात आणि तुमचा दिवस जातो.