दोन गोलांची आघाडी : भुवनेश्वरच्या पराभवामागचा इतिहास

२२ जानेवारी २०२३ ला भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर न्यूझीलंडने भारताला हॉकी विश्वचषकातून बाहेर काढलं. ६० मिनिटांअखेर ३-३, बरोबरी फोडणाऱ्या शूटआउटमध्ये ४-५. बेळगावात नंतर बोलणं झालं ते शूटआउटचंच. गोलकीपर श्रीजेश दुखापत होऊन बाहेर गेला, त्याच्या जागी दुसरा गोलकीपर पाठक आला, सडन डेथमध्ये, म्हणजे जो आधी चुकेल तो हरेल अशा टप्प्यात, नशीब फिरलं. मला ते पटत नाही. या सामन्यात आपण आधी २-० आणि मग ३-१ असे पुढे होतो. दोनदा हातात आलेली दोन गोलांची आघाडी गेली, हे खरं दुखणं.

मुळात हा सामना खेळायची वेळच का आली? त्या स्पर्धेत सोळा संघ होते, चार गट. गटातला पहिला संघ थेट उपांत्यपूर्व फेरीत जाणार होता, दुसऱ्या-तिसऱ्याला क्रॉसओव्हरची जादा पायरी चढावी लागणार होती. आपल्या गटात भारत आणि इंग्लंड दोघांचे गुण ७. पण इंग्लंडने वेल्सला ५-० आणि स्पेनला ४-० हरवलं होतं. आपण स्पेनला २-० आणि वेल्सला ४-२. गोलफरकात त्यांचे ९, आपले ४. त्या वेल्सच्या सामन्यातही १९ जानेवारीला आपण २-० पुढे होतो आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये बघता बघता २-२ झालं होतं. मांडीच्या दुखापतीमुळे हार्दिक सिंग नव्हता, मधली फळी उघडी पडत होती. तो सामना जिंकला म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. तीन दिवसांनी तेच झालं, फक्त समोरचा संघ वेल्सपेक्षा तगडा होता.

आता पन्नास वर्षं मागे जाऊ. सप्टेंबर १९७३, नेदरलँड्समधलं आम्स्टेलव्हेन, वॅगनर स्टेडियम, विश्वचषकाची यजमानांविरुद्धची अंतिम लढत. सुरजित सिंगने सुरुवातीलाच पेनल्टी कॉर्नरवर दोन गोल केले. भारत २-०. नेदरलँड्सच्या टीस क्रौझने दोन्ही फेडले. जादा वेळेत भारताला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. तो गोल झाला असता तर चषक आपला होता. बी. पी. गोविंदांचा फटका गोलात गेला नाही आणि शेवटी पेनल्टी स्ट्रोकवर नेदरलँड्स ४-२ जिंकलं. भारताचे कर्णधार होते एम. पी. गणेश. गणेश आणि गोविंदा दोघेही कोडगूचे, म्हणजे आमच्याच राज्याचे. गोविंदांचं नाव त्या एका फटक्याशी जोडून ठेवणं अन्यायाचं आहे. १९७५ ला क्वालालंपूरमध्ये पाकिस्तानला २-१ हरवून भारताने आपला आजवरचा एकमेव विश्वचषक जिंकला, त्या संघातही ते होते.

बेळगावला या सगळ्याची एवढी हळहळ का, असं बाहेरच्यांना वाटतं. कारण हॉकी इथे आली ती छावणीतून, जशी ती पुण्याजवळच्या खडकीत आली. कॅम्प, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, टिळकवाडीतलं लेले मैदान, सगळीकडे स्टिका फिरत होत्या. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मोहिंदर लालच्या एकमेव गोलवर पाकिस्तानला हरवून सुवर्ण घेणाऱ्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते. खडकीचा धनराज पिल्ले आम्हाला आपला, तसे कोडगूचे गणेश आणि गोविंदाही आपलेच. सीमेचा वाद हॉकीत कधी आड आला नाही. २०२३ च्या विश्वचषक संघातल्या अठरा जणांत मात्र कर्नाटकचा एकही खेळाडू नव्हता, महाराष्ट्राचाही नव्हता. १९७६ ला माँट्रियलमध्ये ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर आली आणि भारत थेट सातव्या स्थानावर घसरला. मातीवर आणि मुरमावर वाढलेल्या गावांना तो बदल सगळ्यात जास्त भोवला. माझ्या मते बेळगाव त्यातलंच एक.

नियमही बदलत गेले. पूर्वी बरोबरी पेनल्टी स्ट्रोकवर फोडत, त्यात प्रत्येकाला ६.४ मीटरवरून एकच फटका असे. आता शूटआउटमध्ये खेळाडू २३ मीटर रेषेवरून चेंडू घेऊन निघतो आणि ८ सेकंदांत गोलकीपरला चकवून गोल करावा लागतो. याला केवळ नशीब म्हणता येत नाही, याचा सराव होतो. भुवनेश्वरनंतर प्रशिक्षक ग्रॅहम रीड यांनी पद सोडलं. भारत अर्जेंटिनासोबत संयुक्त नववा आला.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२४ ला उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. उरलेला बहुतेक सामना दहा जणांनी खेळून १-१ राखला आणि ब्रिटनला शूटआउटमध्ये ४-२ हरवलं. म्हणजे शूटआउट आपण शिकलो. मग जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात सातव्या मिनिटाला १-० पुढे गेलो आणि २-३ हरलो. स्पेनला नमवून कांस्य आणलं, त्याचा आनंद मोठाच आहे. पण पुढच्या प्रशिक्षकाला मला एकच विचारायचं आहे : पुढे असताना शेवटची वीस मिनिटं कशी खेळायची, याचा सराव रोज किती वेळ घेता?