कुत्र्याची आंघोळ : साबण कमी, ब्रश जास्त

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की बरेच जण कुत्र्याला रोज आंघोळ घालू लागतात. हाताला लागेल तो अंगाचा साबण, कधी कपड्यांची वडी, वर नळीचं पाणी. माया असते म्हणूनच हे सगळं होतं. पण थोड्याच दिवसांत कुत्रा कराकरा खाजवायला लागतो, पाठीवर कोंडा दिसतो. मग अंग अजून स्वच्छ झालं नाही असं समजून पुन्हा साबण लावला जातो.

कुत्र्याची कातडी केसांखाली दडलेली असल्यामुळे ती राकट असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती आपल्यापेक्षा पातळ असते. माणसाच्या त्वचेच्या सगळ्यात वरच्या आवरणात पेशींचे साधारण १० ते १५ थर असतात, कुत्र्याच्या बहुतेक अंगावर ३ ते ५. सामू, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप (पीएच), तोही वेगळा. आपली त्वचा आम्लधर्मी, सामू ५ च्या आसपास; कुत्र्याची उदासीन बाजूला, साधारण ६ ते ७.५. साबणाच्या वडीचा सामू ९-१० पर्यंत जातो. कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी तैलग्रंथी असतात. त्यांचं तेल कातडीवर आणि केसांवर पसरतं, आतला ओलावा धरून ठेवतं, बाहेरचे जंतू रोखतं. कडक साबण हे तेलच धुऊन नेतो. कातडी कोरडी पडते, खाज सुटते, आणि खाजवून झालेल्या ओरखड्यांत जिवाणू आणि यीस्ट वाढतात.

त्यात आपल्याकडे अनेक घरी बोअरचं जड पाणी. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार करतं. बादलीच्या कडेला जी पांढरट रेघ बसते, तीच केसांच्या बुडाशीही बसते. कुत्र्यांसाठीच्या शाम्पूत बहुधा साबण नसतो, जड पाण्यातही साका न धरणारे दुसरे फेसकारक असतात. म्हणून तो घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन. निरोगी, आखूड केसांच्या गावठी कुत्र्याला महिन्या-दीड महिन्यातून एकदा शाम्पू पुरतो.

मग उन्हाचं काय? पोळ्याला बैल धुतो तसं कुत्र्याला धुऊन भागत नाही. बैलाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पायांच्या गाद्यांना. बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. त्याला गार करायचं तर साबणाची गरजच नाही. पोट, मांड्यांच्या आतली बाजू आणि पंजे साध्या पाण्याने ओले करायचे आणि वाऱ्यात किंवा पंख्याखाली बसवायचं. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. मात्र दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका देईल इतकं तापलेलं असतं, ते आधी आपल्या मनगटावर घेऊन बघायलाच हवं. धुळ्याकडे जानेवारीत पहाटेचं तापमान एक आकडी होतं, तेव्हा आंघोळ भर दुपारच्या उन्हात आणि कोमट पाण्याने.

आता काळ्या मातीबद्दल, कारण खान्देशात कुत्र्याची खरी घाण तीच. पावसाळ्यात कपाशीच्या रानातून आलेल्या कुत्र्याच्या पोटाला, पायांना चिखलाचा गारा थापलेला असतो. बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरतं आणि माती फुगते, चिकट होते. वाळली की आकसते आणि भेगाळते. शेतात भेगा पडतात त्याच कारणाने. म्हणून गारा भरलेल्या कुत्र्यावर लगेच पाणी ओतलं तर माती केसांत आणखी पसरून बसते. थोडं थांबून ती वाळू द्या, ढेकळं बोटांनी चुरा आणि ब्रश फिरवा; बरीचशी माती कोरडीच झडून जाते. लांब केसांच्या कुत्र्याच्या जटाही कोरड्या असतानाच सोडवाव्यात, भिजल्या की त्या आवळतात. अवघड जागा म्हणजे बोटांच्या बेचक्या. तिथे मातीची गोळी वाळून खड्यासारखी होते आणि चालताना टोचते. ती ओढून काढू नका. पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवा आणि बेचकी अंगठ्याने हळूहळू चोळा. ब्रशाने तैलग्रंथींचं तेलही केसभर पसरतं, त्यामुळे रोज पाच मिनिटं ब्रश केला तर आंघोळीची गरजच कमी होते.

आंघोळीच्या वेळी फरशीवर ओलं गोणपाट टाका. पाय घसरला की कुत्रा घाबरतो आणि पुढच्या वेळी बादली बघूनच पळतो. पाणी मानेपासून मागे घ्या. पिसवा असतील तर आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, नाहीतर त्या डोक्याकडे पळतात. डॉक्टरांनी दिलेला औषधी शाम्पू असेल तर तो साधारण दहा मिनिटं अंगावर राहू द्यावा लागतो. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली आणि मग आत वळते. तिथे गेलेलं पाणी सहज बाहेर येत नाही आणि कान पिकतो. म्हणून तोंड आणि कान ओल्या फडक्यानेच पुसा.

मग दोन पावलं मागे सरा आणि त्याला अंग झाडू द्या, कारण हे झाडणं फार कामाचं असतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जलद कॅमेऱ्याने हे टिपलं. लॅब्रॅडॉर सेकंदाला चारेक हेलकावे देतो, उंदीर जवळजवळ तीस. प्राणी जितका लहान तितका वेग जास्त लागतो. कुत्र्याचा कणा दोन्ही बाजूंना सुमारे ३० अंशच वळतो, पण सैल कातडी ९० अंशांपर्यंत जाते आणि त्या झटक्याने थेंब सुटतात. केसांतलं बरंचसं पाणी क्षणार्धात उडून जातं. उरलेलं टॉवेलने टिपा. विशेषतः काखा आणि शेपटीचं बूड. तिथे ओल राहिली तर कातडी लालभडक होऊन चिघळते.

गोचिडांसाठी रॉकेल, फिनेल किंवा कपाशीवर फवारायचं औषध कुत्र्याला कधीही लावू नका. पातळ कातडीतून आणि चाटण्यातून ते शरीरात जातं, कुत्रे दगावतात. डॉक्टरांनी दिलेलं मानेवर टाकायचं औषध असेल तर त्याच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ टाळा, कारण ते कातडीवरच्या तेलातूनच अंगभर पसरतं. कुत्रा मलूल झाला, जेवेना, ताप आला किंवा नाकातून रक्त आलं तर गोचीडताप समजून लगेच रक्त तपासून घ्या. या आजारात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घटतात. आणि आंघोळीने गोचीड संपत नाहीत. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली गळून पडते आणि भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. म्हणून कुत्रा बसतो तिथल्या भेगा बुजवा, त्याचं गोणपाट कडक उन्हात टाका, आणि त्याच्या कानामागे व बोटांच्या बेचक्यांत रोज हात फिरवून बघा.