डाव्या हातात काय चाललंय?

पियानोची छोटी रचना ऐकताना कान आधी जातो तो वरच्या सुरावटीकडे, म्हणजे बहुतेक वेळा उजव्या हाताकडे. साहजिकच आहे, गुणगुणता येतं ते तेवढंच. पण पोलिश संगीतकार शोपाँच्या ओपस 28 (ओपस म्हणजे रचनांचा प्रकाशन-क्रमांक) मधली चौथी, ई मायनर या उदास छटेच्या सुरातली प्रील्यूड, म्हणजे छोटी स्वतंत्र रचना, घ्या. 1839 साली प्रसिद्ध झालेली, जेमतेम 25 बारांची (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन). सुरुवातीला उजवा हात काय करतो? लांबवलेला बी (सी, डी, ई, एफ, जी, ए, बी ही पाश्चात्त्य स्वरांची नावं), त्याला चिकटून जरासा सी, परत बी, परत सी. सुरावट म्हणावी असं त्यात फारसं काही नाही. तरी ऐकणारा कासावीस होतो, कारण खाली डावा हात एकसारख्या लयीत तीन-तीन स्वरांच्या कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरगुच्छ) वाजवतोय आणि दर थोड्या वेळाने त्यातलं एखादं बोट अर्धा स्वर खाली उतरतंय. मग दुसरं. कधी दोन्ही. अख्खी कॉर्ड एकदम बदलत नाही, ती झिजत जाते. वरचा बी तोच असतो, पण मघाशी निवांत वाटलेला तो स्वर आता टोचायला लागतो.

हे टोचणं काही अंशी शुद्ध भौतिकशास्त्र आहे. तार कधीच एका कंपनसंख्येने थरथरत नाही. मूळ कंपनसंख्येबरोबर तिची दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी सगळी पिलावळ वाजत असते. सीच्या तारेत तिसरा उपस्वर (म्हणजे तिप्पट कंपनसंख्येचा) जी असतो आणि पाचवा ई. तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार तो हाच. म्हणजे सी-ई-जी ही उजळ वाटणारी मेजर कॉर्ड एका तारेत आधीच दडलेली आहे. दोन स्वरांचे उपस्वर एकमेकांवर नीट बसले की कानाला गोड लागतं. ते अगदी जवळ येऊनही जुळले नाहीत, तर आवाज भरभर कमीजास्त होतो आणि खरखर जाणवते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1863 मध्ये विसंवादाचं हेच स्पष्टीकरण मांडलं.

गंमत म्हणजे पियानोवर ते तंतोतंत कधी बसतच नाहीत. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडल्यामुळे सी आणि ई यांचं गुणोत्तर 1.25 ऐवजी साधारण 1.26 येतं. फरक क्षुल्लक वाटतो. पण मधल्या सीचा पाचवा उपस्वर सुमारे 1308 हर्ट्झ आणि त्यावरच्या ईचा चौथा सुमारे 1318.5. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दहाएक वेळा आवाज थरथरतो. शांत खोलीत या दोन पट्ट्या दाबून धरा, नीट लक्ष दिलं तर थरथर ऐकू येते. खालच्या सप्तकांत असे जवळचे स्वर आणखी गढूळ होतात, म्हणून संगीतकार तिथे स्वर सहसा लांब-लांब ठेवतात.

पण नुसत्या खरखरीने रचना उभी राहत नाही. उरलेलं काम अपेक्षेचं. जर्मन संगीतकार बाखच्या 1722 च्या संग्रहातली सी मेजरमधली पहिली प्रील्यूड हे त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण; नवख्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. तिच्यात रूढ अर्थाने सुरावटच नाही. 35 बार, आणि जवळजवळ प्रत्येक बारात एकच कॉर्ड सुटी करून दोनदा वाजवलेली. पहिल्या चार बारांत फक्त सगळ्यात खालचा स्वर ऐका: सी, सी, बी, सी. या रचनेचं घर म्हणजे सी. घर, उंबरठा, बाहेर, परत घर. पुढे बाख बराच फिरवून आणतो आणि 24 व्या बारापासून खाली जी धरून बसतो, तो सलग आठ बार. वर कॉर्ड बदलत राहतात, खालचा जी हलत नाही. कानाला सी हवा असतो, तो मिळत नाही. 32 व्या बारात अखेर सी येतो, पण बाखचा खट्याळपणा बघा: त्याच कॉर्डमध्ये त्याने बी फ्लॅट (बीपेक्षा अर्धा स्वर खालचा) घातलाय. घर दिसलं, दार मात्र बंद! आणखी तीन बारांनी ते उघडतं.

शोपाँने लिहिलेल्या छोट्या रचना मला यापेक्षा जास्त आवडतात, पण शिकायला बाखच बरा.

मग हे घरच काढून टाकलं तर? ऑस्ट्रियन संगीतकार शोनबर्गने 1911 मध्ये लिहिलेल्या ओपस 19 च्या सहा छोट्या रचनांतली दुसरी नऊ बारांची आहे. मेजर-मायनरचं, म्हणजे एका घरच्या स्वराशी असलेलं, नातं तिने जवळपास तोडलंय, त्यामुळे पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही. पण सुरुवातीपासून जी आणि बी ही जोडी तुटक, हलक्या हाताने पुन्हा पुन्हा वाजत राहते. दोन-तीनदा ऐकल्यावर कान त्या जोडीलाच मुक्काम मानायला लागतो आणि बाकीचे स्वर तिच्यापासून किती दूर गेले ते मोजायला लागतो.